हायडेलबर्गच्या हॉलमध्ये दरबुका

हॅनोव्हरहून निघालेली गाडी रखडली आणि फ्रँकफर्टला पुढची चुकली. प्लॅटफॉर्मवर ब्रेत्सेल (मीठ लावलेला, वेटोळ्यासारखा पाव) खात उभी राहिले. पाठीवर दरबुका, म्हणजे मांडीवर आडवं घेऊन वाजवायचं, एकाच तोंडाचं इजिप्ती वाद्य. हायडेलबर्गला माझी मैत्रीण मुग्धा राहते. नोकरी सॉफ्टवेअरमध्ये, आणि नादियाबाईंकडे बेली डान्स शिकते. तिच्या पहिल्या एकट्या नाचाला वाजवणारा आजारी पडला, म्हणून मला बोलावणं. आमच्या घरातली पहिली पदवीधर मी, ढोलकी वाजवणारी पहिली मुलगीही मीच. नाही कशाला म्हणू?

स्टेशनवरच मुग्धा म्हणाली, "सुरेखा, पुण्याहून सासूबाई आल्यात. पहिल्या रांगेत बसणारेत. घोळ घातलास ना, तर मला जन्मभर ऐकावं लागेल."

"माझ्यावर सोड."

नादियाबाई मूळच्या कैरोच्या. तालमीआधी त्यांनी गाणी लावून फरक सांगितला. शर्की म्हणजे मोठा वाद्यवृंद, व्हायोलिनांचा ताफा आणि नाचणारीचा थाटात प्रवेश. बलदी शहरातल्या गल्ल्यांचं. आधी अ‍ॅकॉर्डियन एकटंच रेंगाळतं, मग ताल हळूच शिरतो आणि चढत जातो. सैदी दक्षिणेकडच्या खेड्यांतलं. त्यात मिझमार (आपल्या सनईची आडदांड बहीण), तालाच्या मधोमध दोन दणदणीत 'दुम' (मध्यावरची घुमणारी थाप), आणि नाच काठी घेऊन. हे मला लगेच आपलं वाटलं.

मुग्धाच्या नाचाचा शेवट नुसत्या दरबुकेवर होता. तालमीत तिने कंबरेचा झटका दिला, थांबली, आणि मी सवयीने तिहाई घेतली, म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर येणं. ती पुतळ्यासारखी उभी, मी आपली वाजवतेय.

नादियाबाईंनी हात वर केला. "हे कोणासाठी?"

"शेवटासाठी. आमच्याकडे असंच संपवतात."

"लोक तिच्याकडे बघतात. ती थांबली की तूही थांबायचं."

"पण संपल्यासारखं वाटत नाही हो."

"आल्झो," म्हणजे जर्मनमधलं 'चला तर मग', "पुन्हा."

दुपारभर तेवढा शेवटच घोटला. तरी हात पुढे पळायचाच. मुग्धा वैतागली. "डिग्री घेतलीस ना? एवढं कळत नाही?"

"डिग्री हाताला मिळत नाही," मी म्हटलं.

संध्याकाळी हॉल भरला. सासूबाई पर्स मांडीवर धरून, ओठ मिटून बसल्या होत्या. मुग्धा नाचली, अगदी मोकळी नाचली. शेवटचा झटका, शेवटचा 'दुम', आणि मी उजवा हात मांडीवर दाबून धरला. मग टाळ्या.

बाहेर सासूबाईंनी मलाच गाठलं. "अगं, मध्येच काय थांबलीस? मला वाटलं, तिहाई येतेय."

"अहो आई, आणि माझा नाच?" मुग्धाने विचारलं.

"तू बरोबर संपवलंस की. हिचंच राहिलं."

मुग्धाने माझा दंड इतका घट्ट दाबला, की मी नुसती मान डोलावली.

परतीच्या गाडीत तळहात लाल झालेले दिसले. येताना वाटलं होतं, ढोलकी येते म्हणजे हेही येईल. आलं नाही. सैदीतला दुसरा 'दुम' अजून घाईत पडतो. तरी मुग्धाच्या पुढच्या नाचाला मीच वाजवणार, असं नादियाबाईंना सांगून आले आहे. विचारलं नाही, सांगितलं.