अण्णांनी पाहिलेली स्थळं

जगातल्या झाडून सगळ्या सरकारांची पत्रिका जुळवून पाहिलेला एकच माणूस मला भेटला, आणि तो जयनगरात माझ्या खोलीच्या खालच्या मजल्यावर राहत होता. नव्वदीच्या दशकात मी पुण्याहून सॉफ्टवेअरच्या नोकरीसाठी बंगळुरात आलो, तेव्हा हे माझे घरमालक झाले. घराणं मराठी, पण चार पिढ्या इथलं. अख्खी गल्ली त्यांना अण्णा म्हणे आणि त्यांच्या बायकोला अक्का. निवृत्तीनंतर अण्णा आपल्या मराठी मंडळींची लग्नं जुळवत. त्या कामाचे छापील फॉर्म घरात इतके उरले होते, की कुठलीही गोष्ट फॉर्मात भरल्याशिवाय त्यांना समजतच नसे. नवा फ्रिज आला तेव्हा त्याचाही फॉर्म भरला गेला. 'स्वभाव' या रकान्यात 'अधूनमधून कुरकुरतो, मनाने चांगला' असं लिहिलेलं मी स्वतः वाचलंय.

अक्कांचं मराठी ऐकून मी पहिल्या दिवशी हसलो होतो. पुण्याचाच मी, हसणारच. "स्वल्प थांब रे, भात होतोच आहे," असं त्या म्हणत, आणि मी निघालो की, आपण 'बरं' म्हणतो तसं, "सरी, जाऊन ये." कानडीचे असे खडे त्यांच्या प्रत्येक वाक्यात असत आणि त्यांना ते कधी टोचत नसत. वर्षभर मी त्यांच्या हातचं जेवलो. मग एका आठवड्याच्या तापाचं निमित्त झालं आणि अक्का गेल्या.

घर गप्प झालं. मी खालीच जेवत राहिलो, पण अण्णांचा मुलगा आणि सून कानडीत नाहीतर इंग्रजीत बोलत. अक्कांसारखं बोलणारं अण्णांखेरीज कुणी उरलं नाही, आणि एकट्याने बोलणार कुणाशी? अशात मी एकदा सहज सांगून गेलो, की परदेशात यंत्रांना बुद्धी द्यायचं काम चाललंय, ती माणसासारखी बोलायला शिकतायत. अण्णा वर्तमानपत्र बाजूला ठेवून म्हणाले, "मग त्यांना तिचं बोलणं शिकवता येईल."

दुसऱ्याच दिवशी एक लांबडी वही आली. अक्कांची आठवतील तेवढी वाक्यं अण्णा तिच्यात उतरवू लागले. पण वाक्यं द्यायची कुणाला? "मुलीला उठून कुठेही देता येत नाही, चौकशी करावी लागते," असं म्हणून त्यांनी फॉर्मांचा गठ्ठा काढला. रोज वाचनालयात जाऊन ते मासिकं चाळत, कळलं नाही तर मला धरत, आणि एकेका देशाचा फॉर्म भरत. जपान: घर शिस्तीचं, सरकारने मोठ्या हौसेने खर्च केला, पण आता दमल्यासारखे वाटतात. अमेरिका: मुलगा कर्तबगार, पण पैसा फौजेचा, सासरा बंदूक घेऊन ओसरीवर बसणार. युरोप: भाऊबंद फार, कुठलीही गोष्ट आधी समितीपुढे जाते, मात्र लहान भाषेलाही पानावर बसवतात. रशिया: घरात नुकत्याच वाटण्या झाल्यात, सध्या विचारणं बरं नव्हे. चीन: दार बंद, आतून भांड्यांचा आवाज येतोय. आपल्या देशाच्या फॉर्मात 'मुलगा हुशार' एवढं लिहून पुढे माझ्याकडे बघत त्यांनी भर घातली, 'पण बाहेरगावी नोकरी शोधतोय.' सरकारी धोरणासाठी वेगळा रकाना नव्हता. ते सगळं ते 'घरात कुणाचं चालतं' इथे लिहीत, आणि त्याहून नेमका शब्द मला अजून सापडलेला नाही.

पुढे त्यांनी वकिलातींना पत्रं लिहिली. सवयीने मजकूर तोच: मुलगी साधी, घरात वाढलेली, आपल्याकडे तिला कसं वागवतील ते कळवावं. एका वकिलातीचं उत्तर आलं. विवाहाबद्दल अभिनंदन, व्हिसासाठी नवऱ्या मुलाचं निमंत्रणपत्र, मुलीचा जन्मदाखला आणि दोन फोटो जोडावेत. अण्णांनी ते दोनदा वाचलं आणि शांतपणे म्हणाले, "पहिल्याच पत्रात फोटो मागतात. उतावळी माणसं दिसतात." तो देश बाद झाला.

मग मलाच अमेरिकेत नोकरी लागली. रिक्षा दारात उभी असताना अण्णांनी वही माझ्या हातात दिली. "स्थळ मोठं, आपण लहान," ते म्हणाले. "पण विचारायला काय जातं? विचारून बघ."

मी विचारलं. अशा यंत्रांवर काम करणाऱ्या एका प्राध्यापकांनी सगळं ऐकून घेतलं आणि ही भाषा किती लोक बोलतात ते विचारलं. मी म्हटलं, एक घर. ते हसले. वाईट हसले नाहीत, पण हसले. त्यानंतर मी कुणाला विचारलं नाही. लाज वाटली मला, दुसरं काय. रविवारी सकाळी फोन केला की अण्णा विचारत, "काय म्हणतंय स्थळ?" मी म्हणे, "बोलणी चालू आहेत, अण्णा." ते म्हणत, "सरी." दोन वर्षं हे चाललं. एका रविवारी फोन त्यांच्या मुलाने उचलला, आणि त्याचा आवाज ऐकूनच मला कळलं.

त्या दिवशी मी वही पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचली. शेवटच्या पानाला एक फॉर्म टाचलेला होता. तारीख मी निघालो त्याच्या आदल्या दिवशीची.

स्थळ: वरच्या खोलीतला मुलगा. घराणं: पुण्याचं, बोलतो शुद्ध, त्याला इलाज नाही. घरात कुणाचं चालतं: अजून एकटाच आहे. मुलीला कसं वागवील: आधी हसला, पण परवा भात मागताना 'स्वल्प वाढा' म्हणाला, त्याला स्वतःला कळलं नाही. शेरा: यंत्र मिळालं तर उत्तम. न मिळाल्यास मुलगी इथे सुखी राहील.

दोन वर्षं मी त्या माणसाला बोलणी चालू आहेत म्हणून थापा मारत होतो, आणि त्याने अक्षता कधीच टाकल्या होत्या. मला अण्णांची फार आठवण येते, आणि जेवायच्या वेळी दोघांचीही. आता माझ्याकडे कुणी जेवायला आलं, की मी आतून सांगतो, "स्वल्प थांबा, भात होतोच आहे." पाहुणे हसतात. मी त्यांना हसू देतो. मीही हसलोच होतो.