बर्गर केला कुणी?

मला पदवी मिळाली तेव्हा बाबा गावाहून आले. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर, आणि ती त्यांच्यामुळेच. म्हणून त्यांना शहरातल्या नारायणगुडा भागातल्या त्या नावाजलेल्या बर्गरच्या दुकानात नेलं. कॉलेजच्या मैत्रिणी त्याचं कौतुक करताना थकत नसत.

फोटोतला बर्गर टम्म फुगलेला होता. हातात आला तो चपटा आणि आत गार. बाबांनी तो संपवला. जेवण झालं की करणाऱ्याला 'अन्नदाता सुखी भव' म्हणायची त्यांची रीत आहे. ते उठून काउंटरशी गेले.

"ये बनाया कौन?"

"कोई नै बनाते चाचा, कंपनी से तयार आता. हम बस गरम करते," काउंटरमागचा टोपीवाला पोरगा म्हणाला. "ट्रे उठाके उधर रख देव."

माझा संताप झाला. एवढं नाव कशाचं? आशीर्वाद द्यायला माणूस नाही, वर वडीलधाऱ्या माणसाला उष्टं उचलायला लावतात!

बाबांनी ट्रे ठेवला आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "माय, आणलंस तर तूच. अन्नदाता सुखी भव."

असल्या गार पावासाठी हा आशीर्वाद मला घ्यावा लागला, याचा राग अजून गेलेला नाही.