एस्तेरकाकू, खेळाचा फंड आणि लेझीम

एस्तेरकाकू काल गेल्या, आणि आमच्या शाळेच्या ऑफिसात कुणीतरी नक्की सुटकेचा निःश्वास टाकला असणार.

असं लिहिणं बरं दिसत नाही, माहितीये.

पण मी गोडगोड पोस्ट लिहिली असती तर काकूच म्हणाल्या असत्या, "अच्छा? एवढं गोड? कुठेतरी पाणी मुरतंय."

ज्यांना त्या माहीत नाहीत त्यांच्यासाठी: काकू मूळच्या नगरच्या. केंद्र सरकारच्या नोकरीत दिल्लीला आल्या, सेक्शन ऑफिसर म्हणून रिटायर झाल्या आणि आमच्याच सोसायटीत खालच्या मजल्यावर राहायच्या. यमुनापारच्या एका छोट्या मराठी प्राथमिक शाळेच्या कमिटीवर होत्या. नाव लिहीत नाही, कळायचं त्यांना कळेल. पालक म्हणून मीही त्या कमिटीवर आहे.

मीटिंगमध्ये त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं.

"मला शंका आहे."

चहाबरोबर चांगली बिस्किटं आली तरी शंका. "आज क्रीमची? काय पास करून घ्यायचंय?"

शाळेला खेळासाठी दरवर्षी वेगळा फंड मिळतो. तो कुठे जातो हे कुणी विचारत नव्हतं, कारण तो आम्हांला समोर दिसायचा.

लेझीम.

नव्या नऊवाऱ्या, फेटे, भाड्याचे ढोल, पाहुण्यांना शाल. महाराष्ट्र दिनाला मुलांनी ठेका धरला की घरापासून लांब आलेले आम्ही सगळे डोळे पुसायचो. अशा वेळी खर्चाचं कोण विचारणार?

मग गेल्या वर्षी माझी इरा, तेव्हा दुसरीत, लिफ्टमध्ये काकूंना म्हणाली,

"काकूआजी, पीटीमध्ये ना, माझा गेम क्लॅपिंग आहे."

"म्हणजे काय गं?"

"जिनको लेझीम आती है ना, ते करतात. आम्ही दरीवर बसून क्लॅप करतो."

"सतरंजीवर? रोज?"

"हो. माझी स्टेप चुकते ना."

मला हसू आलं. काकूंना नाही आलं.

दुसऱ्या दिवशी पीटीच्या तासाला काकू शाळेत हजर. खुर्ची मागून घेतली आणि मैदानाच्या कडेला बसल्या. आठवडाभर बसल्या.

सारख्या उंचीची, चटपटीत मुलं तेवढी लेझीम खेळत होती. बाकी अर्ध्याहून जास्त शाळा भिंतीशी बसून टाळ्या वाजवत होती.

पुढच्या मीटिंगमध्ये काकूंनी विषय काढला.

"लेझीम इज फिजिकल एज्युकेशन, काकू. बिल्कुल नियमात बसतं," प्रिन्सिपल मॅडम म्हणाल्या.

"आणि बसलेली मुलं?"

"त्यांचा रिदम डेव्हलप होतो."

"अच्छा. आणि संक्रांतीला लेझीमवाल्यांची बस पानिपतच्या लढाईचं स्मारक बघायला काला अंबला गेली, तीही खेळाच्या फंडातून. तिथे कुठला खेळ झाला होता?"

एकदोघं हसले. सेक्रेटरी हसले नाहीत.

"काकू, तुम्हांला आपली संस्कृती खुपते का?"

'आपली'वर जरा जोर होता. चर्चला जाणाऱ्या बाईला उद्देशून. तो मी ऐकला, सगळ्यांनी ऐकला, आणि सगळे चहाच्या कपात बघायला लागले.

काकूंचा आवाज चढला नाही.

"नगरच्या शाळेत मी लेझीम खेळलेय, सेक्रेटरीसाहेब. अख्खा वर्ग खेळायचा. चुकणारी पोरंसुद्धा. सगळ्यांत जास्त मीच चुकायचे."

त्या दिवशी ठरलं, पीटीला सगळी मुलं मैदानात. चेंडू आले, उड्या मारायच्या दोऱ्या आल्या. आम्ही खूश.

काकू कसल्या खूश होतायत! "शाळेत आले म्हणजे मुलांच्या हातात आले असं नाही," म्हणायच्या आणि कंबर धरून पुन्हा मैदानावर जाऊन बसायच्या.

इरा घामाघूम होऊन घरी यायला लागली. एकदा गुडघा फोडून आली आणि त्या फुटलेल्या गुडघ्याचा मला केवढा आनंद झाला, काय सांगू.

मग काकू आजारी पडल्या. हॉस्पिटलमधून मला फोन, "बघ जरा. मी तिथे नाही म्हटल्यावर परत सतरंज्या अंथरल्या असतील."

अंथरल्या होत्या.

मी सांगितलं तेव्हा त्या नुसतं म्हणाल्या, "वाटलंच."

आज सकाळी शाळेच्या ग्रुपवर मेसेज आला. 'आदरणीय एस्तेरकाकूंना शाळेतर्फे भव्य लेझीम मानवंदना. निवडक विद्यार्थी. नवीन ड्रेस.'

काकूंच्या नावाने! आणि खर्च कुठून होणार, हे मला कुणी सांगायला नको. रडू येत होतं, ते बाजूलाच राहिलं. मस्तक फिरलं माझं.

मी लिहिलं, "निवडक का? सगळी का नाहीत?"

ब्लू टिक आल्या. हात जोडलेले इमोजी एकामागून एक येत राहिले.

दुपारी दफनविधीला शाळेचे पीटी सर आले होते. हरियाणाचे, कॉन्ट्रॅक्टवरचे, कधी फारसं न बोलणारे. सांगतील तसं करतात, असं त्यांच्याबद्दल माझं मत. निघताना ते माझ्याजवळ थांबले.

"मॅडम, आंटीजी रोज पूछती थीं, आज कौन बच्चा नहीं खेला. अब कौन पूछेगा?"

मी त्यांच्या तोंडाकडे नीट बघितलं. हळहळ होती की सुटका, खरंच कळेना. कुणी पाठवलंय का यांना, माझा अंदाज घ्यायला? हेही मनात येऊन गेलं.

तरी म्हटलं, "मैं पूछूँगी, सर. कल से."

आजूबाजूला शाळेचं कुणी नाही, हे सरांनी आधी बघितलं.

मग हळूच म्हणाले, "पीटी दूसरे पीरियड में है, मॅडम. आप पहले में आ जाइए. दरी तभी बिछती है."

काकू, तुमच्या आत्म्याला शांती लाभो असं सगळे लिहितायत. मी नाही लिहीत. शांत बसणं तुम्हांला कधी जमलंच नाही.

फार आठवण येतेय.

उद्या लवकर निघायचंय, म्हणून इथेच थांबते. तुम्हांला मनापासून निरोप.