कुंदाताईंची करंगळी

कुंदाताईंना तुमचं नाव कळायच्या आधी तुमचे केस कळायचे. पार्लरच्या दारात पाऊल टाकलं, की त्या एखादी बट पकडायच्या, करंगळीवर गुंडाळायच्या आणि डोळे मिटायच्या. एकदा पंचवटीत भाजी घेताना त्यांनी अनोळखी बाईची बट अशीच गुंडाळली. बाई निघाली पोलिसातली! "मॅडम, केस लय नाजूक हायेत, टोपी सैल घाला," असं सांगून कुंदाताई शांतपणे मेथीची जुडी निवडू लागल्या.

माहेर येवल्याचं, पार्लर इंदिरानगरात. "एकदम बारीक कुरळे करा," म्हणणाऱ्या नवरीला त्या विचारायच्या, "का गं, नवऱ्याला डोक्यातूनच नूडल्स वाढणार का?" मग समजावायच्या : केस गुंडाळायचा रॉड जाड तर नुसत्या लाटा, बारीक तर घट्ट कुरळे. "पण केस सैल पडतातच. म्हणून पायजे त्या वळशाहून एक नंबर बारीक रॉड घ्यायचा."

माझी थोरली बहीण सुनीता जन्माचीच कुरळी. केस कापायला ती कुंदाताईंकडेच यायची. माझे केस म्हणजे खराटा. सुनीता चांदवडजवळ अपघातात गेली आणि आईचं आधीच विसराळू झालेलं मन तिथेच थांबलं. मला ती नर्स समजायची, माझ्या हातचा घास थुंकून टाकायची. "सुनीला बोलवा. तिच्याच हातनं जेवीन." डॉक्टर नाकातून नळी घालायचं बोलू लागले, तेव्हा मी कुंदाताईंच्या खुर्चीत जाऊन बसले.

"ताई, सुनीताचे केस करून द्या."

त्या दिवशी त्यांना विनोद सुचला नाही. मी पर्समधून काढलेला सुनीताचा फोटो त्यांनी पाहिलाही नाही. रिकामी करंगळी हवेत फिरवली. "एवढा होता तिचा वळसा." सवयीने एक नंबर बारीक रॉड उचलला आणि थबकल्या.

"वैशे, आईकडं किती दिवस हायेत?"

"फार नाहीत."

त्यांनी तो रॉड परत ठेवला आणि करंगळीएवढा घेतला. "मग सैल पडायची वाट नाय बघायची. आजच सुनी दिसली पायजे."

वळसा टिकवणारं, कुजक्या अंड्यासारख्या वासाचं औषध लावताना त्यांनी कानामागची एक बट सरळच ठेवली. "सगळं डोकं सुनीला देऊ नको. एवढी तुझी राहू दे."

घरी आई म्हणाली, "सुनी, किती उशीर!" आणि वरणभाताला तोंड उघडलं. मग काय, मी रोज सुनीता! तिच्यासारखी नाकात हसायचे, तिच्यासारखी आईला दटावायचे. अशी नटी नाशकात झाली नसेल.

एका दुपारी माझ्या केसांत फिरणारी आईची बोटं कानामागे थांबली.

"ही कुणाची गं?"

"वैशालीची."

आई विचारात पडली. "तिलापण बोलाव जेवायला. उपाशी असेल."

त्याच आठवड्यात आई गेली.

तेरावं झाल्यावर मी कुंदाताईंकडे गेले. "कापून टाका." त्यांनी एक बट करंगळीवर गुंडाळली, डोळे मिटले. "अजून जरासुद्धा सैल पडले नाय गं," त्या पुटपुटल्या. मग मी त्यांना आईचं त्या सरळ बटेवरचं बोलणं सांगितलं.

त्यांनी कात्री खाली ठेवली. आतून स्वतःचा डबा आणून माझ्या मांडीवर उघडला.

"आधी जेव."