वाळूचा हौद आणि वसुधा

वसुधा गेल्याचं तिच्या सुनेने मला फोनवर सांगितलं, आणि तासाभरात त्याच फोनवर शाळेच्या अध्यक्षांचा आवाज आला. "मॅडम, शोकसभा आपल्याच हॉलमध्ये ठेवू या. वसुधाताई म्हणजे आमच्या संस्थेचा आत्मा होत्या हो!" मी बरं म्हटलं, फोन ठेवला आणि मोरीत जाऊन साबणाने हात धुतले... सभेत ते बराच वेळ बोलले. बालशिक्षणाची तपस्विनी वगैरे. पुढच्या रांगेतल्या बायकांनी डोळे पुसले. या तपस्विनीला शाळेतून कुणी घालवलं, हे मात्र त्या भाषणात कुठेच आलं नाही. मला माईक मिळाला नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

नव्वदच्या सुरुवातीला नाशिकला गंगापूर रोडवरच्या त्या शाळेत आम्ही दोघी एकदमच बालवाडीला लागलो. भिंतीवर रंगवलेले ससे, आणि सशांखाली हाताची घडी, तोंडावर बोट ठेवून बसलेली चार वर्षांची मुलं. वसुधाने दारातूनच पाहिलं. "खुराडं आहे हे," ती म्हणाली, "कोंबड्यांना निदान माती तरी उकरायला मिळते." शाळेमागे मोडक्या बाकांची पत्र्याची शेड होती, ती तिने मागून घेतली. कुणालाच नको होती म्हणून मिळाली. साडीचा पदर खोचून ती आधी गुडघ्यांवर सगळी शेड रांगली, मुलाच्या डोळ्यांना काय दिसतं ते बघायला. मग अर्ध्या जमिनीत वाळूचा हौद केला, शेजारी भिजवलेली माती. कुठे काथ्या, कुठे गोणपाट, कुठे नदीतले गुळगुळीत गोटे. अनवाणी पायांनी त्यावरून चालायचं. द्राक्षांच्या रिकाम्या खोक्यांच्या फळ्यांची घसरगुंडी केली. भिंतीवर जुन्या दारांच्या कड्या, साखळ्या, घंटा, सगळं मुलांच्या हाताला येईल असं. पडद्यामागच्या अंधाऱ्या कोपऱ्यात वेखंड, ओवा, सुंठ यांच्या पुरचुंड्या. नुसत्या वासावरून ओळखायच्या. मुलं तिथून बाहेर निघायलाच तयार नसत.

पालकांना अर्थातच हे सहन होईना. एक डॉक्टरीणबाई मुलीचा फ्रॉक चिमटीत धरून आल्या. "आम्ही चिखलासाठी फी भरतो का?"

"छे हो," वसुधा म्हणाली, "चिखल फुकट आहे. फी भिंतीवरच्या सशांची."

ती गोड बाई नव्हती. बॅटरीवर चालणारं खेळणं कुणी भेट दिलं, तर त्याच्या देखत ते कपाटावर फेकायची. 'ॲक्टिव्हिटी' हा शब्द ऐकला की तिचा ओठ वाकडा व्हायचा. तिच्या तिरस्काराला मी पुष्कळदा वैतागले आहे, पण तो कधी मुलांच्या वाट्याला गेलेला मी पाहिला नाही.

दोन हजार साल उलटलं आणि अध्यक्षांना आधुनिक व्हायची घाई झाली. मे महिन्याच्या शेवटी आम्ही वर्ग लावायला गेलो, तर शेड नव्हती. हौदावर सिमेंटचे ठोकळे बसवलेले, मधोमध हत्तीच्या सोंडेची प्लास्टिकची घसरगुंडी आणि वर 'प्ले झोन' असा बोर्ड. अध्यक्ष कौतुकाने दाखवायला आले. "ताई, पालकांच्या नजरेत भरलं पाहिजे ना!"

"साहेब, बूट काढा आणि इथे उभे राहा जरा," वसुधा म्हणाली.

ते हसले. मग तिने स्वतःच चपला काढल्या आणि भर उन्हात त्या ठोकळ्यांवर उभी राहिली. "पालकांच्या नजरेचं राहू द्या. पोरांच्या पायांचं काय?" तिच्या पायांची बोटं आखडत होती... मला दिसत होती, त्यांनाही दिसत असणार. त्यांनी घड्याळ पाहिलं आणि ते ऑफिसात गेले. तिथे एसी होता. त्याच दिवशी तिने राजीनामा दिला. तिच्या तळपायांना फोड आले होते. महिनाभरात मीही बाहेर पडले.

मखमलाबादकडे तिचं छोटं घर होतं. तिथली पुढची खोली आणि अंगण तिने पुन्हा तसंच केलं. मीही रोज तिच्या मदतीला जायचे. फुलं घेऊन बाजारात जाणाऱ्या बायका सकाळी मुलं सोडून जात. त्यातली एक म्हणाली होती, "बाई, लय घाण करून येतं पोरगं, पण आता रडत नाय." वसुधाने आयुष्यात मान्य केलेली एवढी एकच शाबासकी.

आणि मग एका सकाळी अध्यक्षांची सून आपल्या मुलीला घेऊन आली. आजोबांच्या शाळेत पोर महिनोन् महिने तोंड उघडत नव्हती. "घरी सांगितलेलं नाहीये," सून म्हणाली. मला वाटलं, वसुधा दार लावून घेईल. तिने मुलीचे मोजे काढले आणि तिला आत नेलं, बस्स. पावसाळाभर ती मुलगी न बोलता माती थापत राहिली. मग एकदा ओव्याची पुरचुंडी नाकाशी धरून स्पष्ट म्हणाली, "आजोबांचं पोट."

मला हसू आवरेना. वसुधा अजिबात हसली नाही. "बरोबर. आता ही उघड," म्हणून तिने पुढची पुरचुंडी दिली. तोंडावर बोट ठेवून बसलेलं मूल पुढे बोलायला लागलं ते लागलंच. अध्यक्षांना नंतर सगळं कळलं. कधीतरी नातीला न्यायलाही यायचे. गाडीच्या काचा बंद, नजर समोर. आभाराचा शब्द नाही. तो शोकसभेसाठी राखून ठेवला असावा.

गेल्या आठवड्यात वसुधाच्या सुनेने मुलांच्या त्या पुढच्या खोलीची किल्ली माझ्याकडे दिली. समोरच्या वळणावर श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागला आहे. वसुधाचा फोटो टिकलीएवढा, हात जोडलेले अध्यक्ष भलेमोठे. उभं राहिलं की दारातून तोच दिसतो. पण खोलीला एक खिडकी आहे, वसुधाने मुद्दाम जमिनीलगत फोडून घेतलेली. बाहेर बघायचं तर मोठ्या माणसाला खाली बसावंच लागतं. मी बसले. तिथून फ्लेक्सचा फक्त बांबू दिसत होता, आणि त्याला पाठ घासत असलेली कुणाची तरी शेळी. जरा वेळाने पोरं आली आणि मला ढकलून खिडकीशी पालथी पडली.