मॅडमचा हुकमी क्लायंट

"तू क्लायंट हो. तुला अॅक्टिंगची गरजच नाही."

मॅडम हसत म्हणाल्या. वर्ग हसला. मीही हसलो. सगळ्यात मोठ्यानं मीच हसलो, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढं कुणी माझी कीव करायला नको.

अंधेरीतलं कॉलेज. एमएसडब्ल्यूचं, म्हणजे समाजकार्याचं, पहिलं वर्ष. समुपदेशनाचं प्रात्यक्षिक. वर्गाच्या मधोमध समोरासमोर दोन खुर्च्या. एकीत समुपदेशक, दुसरीत क्लायंट, म्हणजे ज्याला दुःख आहे तो. बाकीचे गोल करून बघणार. नाटकच, पण मार्कांचं. समुपदेशक म्हणून इराला उठवलं. इरा मुलुंडच्या टॉवरमधली, गोड बोलणारी, पाण्याची बाटलीसुद्धा स्टीलची. क्लायंट कोण? मॅडमची नजर गोल फिरली आणि माझ्यावर येऊन थांबली.

आदल्या तासाला ओळखपरेड झाली होती. मी आडनाव सांगितलं. तेवढ्यानं त्यांचं भागलं नाही. मूळ गाव कुठलं? जालन्याकडचं. इथं राहायला? घाटकोपर. घाटकोपरला कुठं? डोंगरावरच्या वस्तीत. "अच्छा," मॅडम म्हणाल्या. त्या एका अच्छात आम्ही बौद्ध, आमची खोली पत्र्याची, आमचा बाप बेवडा, सगळं त्यांनी न विचारता भरून घेतलं. पहिल्या दोन गोष्टी खऱ्या होत्या. बाप मात्र सुपारीलाही न शिवणारा माणूस. सिक्युरिटीची ड्युटी करून आला की विहारात पोरांची शिकवणी घेणारा. पण रोल निघाला बेवड्याच्या पोराचा, आणि मी तो केला. असा केला की इराच्या डोळ्यांत पाणी. टाळ्या.

टाळ्या वाईट, बाबा. दारूपेक्षा वाईट.

पुढं वर्षभर मी क्लायंट. बायकोला मारणारा रिक्षावाला मी. टीबीच्या गोळ्या मधेच सोडणारा मी. शाळा सोडून चरस ओढणारा मी. समुपदेशकाच्या खुर्चीत पोरं बदलत राहिली, माझी खुर्ची फिक्स. दुसऱ्या तुकडीच्या सरांनी मला एकदा उसनं नेलं. कँटीनमध्ये अनोळखी मुली म्हणायच्या, अरे तोच ना, रडणारा? मी कॉलर ताठ करायचो. रोल कमी पडायला लागले तसा मी घरचा माल काढायला लागलो. आई लोकांच्या घरी स्वयंपाक करते. तिची एक मालकीण तिला वेगळ्या कपात चहा देते. ते मी क्लायंटच्या तोंडी घातलं. आईच्याच शब्दांत, आईच्याच हेलात. मॅडम म्हणाल्या, "ब्यूटिफुल."

वर्गातला संतोष तेवढा चिडायचा. कांदिवलीचा, मालवणी, आज्जा गिरणीत होता. म्हणायचा, "मेल्या, दशावतारात तरी जा. हंय कित्याक फुकट मरतंस?"

मला वाटायचं, जळतो.

दुसऱ्या वर्षी फील्डवर्कसाठी क्लिनिकलच्या जागा निघाल्या. एका मोठ्या हॉस्पिटलच्या मानसोपचार विभागात, खऱ्या पेशंटबरोबर काम, डोक्यावर अनुभवी माणूस. मला तेच व्हायचं होतं. त्यासाठीच मी एमएसडब्ल्यूला आलो होतो. पुस्तकं पाठ केली. बापानं बूट घेऊन दिले.

मुलाखतीला एक छोटं प्रात्यक्षिक होतं. हॉस्पिटलच्या डॉक्टरीणबाई पेशंट होणार, आपण त्यांना बोलतं करायचं. मॅडम कोपऱ्यात बसलेल्या. मी आत गेलो, नमस्कार केला, दिसली त्या खुर्चीत बसलो. खांदे आपोआप पडले. हात गुडघ्यांच्या मधे गेले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "करा सुरू."

आणि मी सुरू केलं.

"काय सांगू मॅडम, झोपच लागत नाय."

हसू फुटलं. डॉक्टरीणबाई हसल्या, शिपाई हसला. मीही हसलो. सवय. मॅडम कोपऱ्यातून म्हणाल्या, "त्याची तीच बाजू पक्की आहे. कम्युनिटीला टाकू या त्याला. तिकडची भाषा येते."

जागा इराला मिळाली. मला कुर्ल्याची वस्ती. मीटिंगला बायका गोळा करायच्या, सतरंज्या अंथरायच्या, पाहुण्यांना गल्लीबोळातून नेऊन आणायचं. वस्तीत काम करणं कमी नाही. पण तिथं मला काम शिकायला नव्हतं पाठवलं. परत पाठवलं होतं.

चूक माझी होती. मान्य. असा गाढव अख्ख्या मुंबई विद्यापीठात सापडणार नाही. पण वर्षभरात समोरच्या खुर्चीत मला एकदाही कुणी बसवलं नव्हतं. इराला ऐकता यायला लागलं, कारण मी बोलत होतो. तिचं शिक्षण माझ्यावर झालं. मेडिकल कॉलेजला मढी लागतात ना, तसा मी. फरक इतकाच, मढं टाळ्यांनी फुगत नाही.

त्या संध्याकाळी आईनं विचारलं, "तुमच्या कालेजात शिकवतात तरी काय रं?"

"लोकांचं दुःख ऐकायला."

"मंग तू ऐकतोस?"

"नाही. सध्या सांगतो."

"कुनाचं?"

मी जेवायला लागलो. तिच्या ताटातली भाकरी तिनं माझ्या ताटात सरकवली. मी तिला विकून टाळ्या घेतल्या होत्या, आणि गिऱ्हाईक कोण होतं? तिला वेगळा कप देणाऱ्यांचीच पोरं.

तिथं माझं डोकं फिरलं. फिरलं ते आजपर्यंत जागेवर आलेलं नाही, आणि मी ते येऊही देणार नाही.

थोड्या दिवसांनी कॉलेजात कार्यशाळा होती. बाहेरच्या कॉलेजांचे प्राध्यापक, एसी हॉल, सामोसे. मॅडम स्वतः समुपदेशन करून दाखवणार. क्लायंट अर्थात मी. "हा आमचा हुकमी क्लायंट," त्यांनी पाहुण्यांना सांगितलं. विषय दिला होता बेकारीचा.

मी खुर्चीत बसलो. या वेळी ताठ. पायावर पाय. नाकावरचा नसलेला चष्मा वर केला, अगदी मॅडमसारखा. मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं.

"बोला," मॅडम म्हणाल्या. रोलमध्ये मला 'तुम्ही' मिळायचं, एरवी 'तू'. "इथं तुम्ही मोकळेपणानं बोलू शकता."

"मी कॉलेजात शिकवते," मी म्हणालो. "समुपदेशन शिकवते."

मॅडमचं पेन थांबलं.

"मला त्रास असा आहे, की वस्तीतला मुलगा वर्गात आला की मला त्याचा आजार दिसतो. मुलगा दिसतच नाही."

पाहुणे पुढं सरकून बसले. त्यांना वाटलं, हे ठरवलेलंच आहे. मॅडमना थांबता येईना. थांबल्या असत्या तर सगळ्यांना कळलं असतं.

"हे... कधीपासून होतंय?"

"त्याचं आडनाव ऐकलं तेव्हापासून."

"तू विषय बदललास," त्या ओठ न हलवता पुटपुटल्या.

"क्लायंट जिथं असेल तिथून सुरुवात करायची. तुम्हीच शिकवलंत."

मॅडमनी पुस्तकातला पुढचा प्रश्न टाकला. "आणि त्या वेळी तुम्हाला काय वाटतं?"

"बरं वाटतं. तो त्या खुर्चीत बसला की मी या खुर्चीत आहे याची खात्री पटते. म्हणून मी त्याला उठूच देत नाही."

संतोषनं मागून टाळी वाजवली. एकट्यानंच. मग घाबरून बंद केली.

मी उठलो. माझ्या आवाजात म्हणालो, "मॅडम, इथून पुढं मी क्लायंट होणार नाही. शिकायला आलोय. सामान म्हणून नाही आलो."

खरं सांगू? गोड वाटलं. त्यांच्या गळ्यावर लाल चट्टे उठले होते, ते मी डोळे भरून बघितले. समाजकार्याच्या माणसानं असं म्हणू नये म्हणतात. मी म्हणतोय.

नंतर केबिनमध्ये बोलावणं आलं.

"सगळ्यांसमोर तू मला..."

"हो."

"माफी माग. विभागासमोर. मग क्लिनिकलचं पुढच्या सत्रात बघू. नाहीतर फील्डवर्कचे मार्क माझ्या हातात आहेत, विसरू नकोस."

जागा समोर होती. एक वाक्य बोलायचं होतं. जीभ वळवळली, खोटं कशाला बोलू. इतकी सवय होती या बाईंना खूश करायची.

"मॅडम, माफी मागायला तुम्ही पुन्हा मलाच त्या खुर्चीत बसवताय," मी म्हणालो. "नाही बसणार."

"गेट आउट."

जागा गेली. मार्क काठावर पास होण्याइतके. मग संतोषच्या सोसायटीच्या हॉलमध्ये आम्ही पाच-सहा जण रविवारी जमायला लागलो, सगळे असेच उरलेले. प्रत्येकानं दोन्ही खुर्च्यांत बसायचं, हा नियम. पहिल्यांदा समुपदेशक झालो तेव्हा क्लायंटच्या आधी मीच रडलो. संतोष म्हणाला, "गप मेल्या, रडूचो नंबर माजो आसा." असं शिकलो. चुकत, हसं करून घेत. आज मुलुंडच्या एका समुपदेशन केंद्रात मी लोकांसमोर बसतो. ते बोलतात, मी ऐकतो. टॉवरमधलेही येतात. त्यांनाही झोप लागत नाही.

लोक म्हणतात, झालं ना चांगलं? मग आता सोड की. मॅडमनीही मध्यंतरी फोन केला. आवाज मऊ. "आमच्या मुलांसमोर ये, तुझे अनुभव सांग." म्हणजे पुन्हा मी बोलायचं आणि त्यांनी ब्यूटिफुल म्हणायचं. मी फोन ठेवला आणि त्याच विभागातल्या प्राध्यापकाच्या जागेसाठी अर्ज केला. नेट पास आहे, अनुभव आहे. निवड समितीवर त्या असणार. पाडतील. मी पुन्हा भरीन. पुन्हा पाडतील, मी पुन्हा भरीन.

मला त्यांची माफी नको. माफी मागून त्या सुटतील. मला त्यांच्या शेजारची केबिन हवी आहे, त्या रिटायर व्हायच्या आत. वर्गात रोल मी वाटणार. टॉवरमधल्या पोराला सांगणार, सांग तुझ्या घरातलं, लाजू नको. डोंगरावरच्या पोरीला सांगणार, तू विचार. आणि मॅडमनी जाता-येता ते दारातून बघायचं.

रोज.