दुसऱ्या बाईला विचारलं नाही

"सर, त्या दुसऱ्या बाईला विचारलं होतं का?"

माझ्या ओसरीत बसून कॉलेजातल्या एका पोरीनं माझ्या भावाला विचारलं. तो त्यांना आमच्या शाळेतल्या खिचडीची जुनी बातमी सांगत होता. म्हणाला, "गरज नव्हती. अक्कानं डोळ्यानं बघितलं होतं." सगळी पोरं माझ्याकडे बघायला लागली. मी कपबशा उचलल्या आणि आत गेले.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. नवरा होता तेव्हा त्यालाही नाही.

वसंता माझा धाकटा भाऊ. कितीतरी वर्षं परमुलखातून बातम्या पाठवायचा — लढाया, भूकंप, घरदार टाकून पळणारी माणसं. मग इकडे येऊन संपादक झाला. आता पोरांना शिकवतो. त्याचा नियम एकच — बघणाऱ्याला विचारा, आणि एकाला नाही, दोघांना विचारा. मी चौथी पास. पण हा नियम मलाही पाठ आहे.

तो संपादक होता तेव्हाची गोष्ट. शाळेत खिचडी शिजवायला आम्ही दोघी, शकीलाबी आणि मी. शाळेचा तेलाचा डबा गळायला लागला, म्हणून मी घरून एक नेला. कपाशीवर फवारायच्या औषधाचा. धुतला होता — पण कसा? नुसता पाण्यानं. शकीलाबी म्हणाली, "बाई, डब्बा वास मारून राह्यला." मी म्हणाले, "तुझं नाकच लई लांब."

पोरं ओकायला लागली. दवाखान्यात न्यावी लागली. वाचली सगळी.

दुसऱ्या दिवशी वसंताचा फोन. "अक्के, डबा कुणी आणला? तू बघितलं का?" जग हिंडलेला माणूस, पहिल्यांदाच मला काही विचारत होता. मी म्हणाले, "शकीलानं. मी बघितलं."

भ्याले होते का? भ्याले होते. पण तिचं नाव घेताना जीभ अडखळली नाही — तेही खरं.

त्यानं दुसऱ्या बाईला विचारलं नाही. सख्खी बहीण खोटं बोलेल, असं कुणाला वाटतं? छापून आलं. शकीलाबीचं काम गेलं. बाया तिच्याशी बोलेनात. ओकलेल्या पोरांपैकी कुणाची आई दिसली की शकीलाबीनंच रस्ता बदलायचा. शेवटी घर बंद करून ती मंठ्याला लेकीकडे गेली. मी दारात उभी होते. तिनं बघितलं, मी आत वळले.

त्या पोरीनं विचारलं तेव्हा सांगता आलं असतं. नाही सांगितलं.

डबा मी नेला होता. भोगलं शकीलाबीनं.